क्लायमॅक्सबाई

आमच्या वहिनीने परवापरवापर्यंत शेकडो सिनेमांचा शेवट पाहिला होता आणि सुरुवात एकाचीही नाही. हे ऐकून लोकांना वाटतं, मी थट्टा करतेय. थट्टा मी करते, पण ही त्यातली नव्हे.

वहिनी थिएटरात डोअरकीपर आहे. अंगात निळा कोट, खिशात बॅटरी, गळ्यात दारांच्या किल्ल्यांचा जुडगा. खेळ सुरू व्हायच्या आधी ती दाराशी उभी राहून तिकिटं फाडते, उशिरा उगवलेल्यांना बॅटरीच्या उजेडात त्यांच्या खुर्चीपर्यंत पोचवते आणि पडद्यावरची नावं संपायच्या आत दार ओढून बाहेर येते. मग लॉबीत सांडलेलं पॉपकॉर्न झाडायचं, कोणी नळ उघडा टाकून गेलं असेल तर बंद करायचा, रडकी पोरं घेऊन बाहेर आलेल्या आयांना खुर्ची द्यायची. सिनेमा संपायला दहा मिनिटं उरली की ती मागून आत शिरते, बाहेर जायच्या दारांच्या कड्या काढते आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहते. सिनेमा तिच्या वाट्याला यायचा तो एवढाच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात; वहिनीला हत्ती कधी दिसलाच नाही.

सुटीच्या दिवशी जाऊन एखादा अख्खा बघ की, असं मी तिला कितीदा सांगितलं. "सुटीच्या दिवशी कामावर कोण जातं?" हे तिचं ठरलेलं उत्तर. तेही खरंच. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, पण सुटीला हौसेने दाढ काढून घ्यायला मी तरी कुठे जाते?

माझं आणि शेवटाचं मात्र वाकडं आहे. म्हणजे आधी कळलेल्या शेवटाचं. मला स्वतःच्या डोळ्यांनी, शेवटच्या मिनिटालाच तो कळायला हवा. त्याआधी कोणी तोंड उघडलं तर मी त्या माणसाशी महिनाभर बोलत नाही. दवाखान्यात ताटकळलेले पेशंट एकमेकांना मालिका सांगायला लागले की मी न वाजलेला फोन कानाला लावून बसते. इंजेक्शन घेऊन तोंड बधिर झालेला पेशंट मला सगळ्यात प्रिय. त्याला शेवट ठाऊक असला तरी सांगता येत नाही. आणि माझ्या नशिबाने भावाने बायको आणली ती अशी, थेट शेवटाच्या दारात उभी राहणारी.

बरं, तिला शेवट लागतो तो काही सिनेमातच नाही. "अगं, आज दवाखान्यात काय झालं" असं मी सुरू केलं की ती हात वर करते. "आधी सांग, नोकरी आहे ना? मग बोल सावकाश." दादा, म्हणजे माझा भाऊ, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. तो एकदा रंगात येऊन सांगायला लागला, "आज दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली आणि आत एक म्हातारे गृहस्थ..."

"सुखरूप निघाले ना?"

"निघाले गं."

"मग ठीक. आता अडकव."

जेवायला बसलं की तिचा सिनेमा सुरू व्हायचा. शेवटच्या दहा मिनिटांवरून ती मागचं सगळं स्वतःच रचायची, सदऱ्याची बाही बघून अख्खा सदरा बेतावा तसं. नायकाच्या हाताला प्लास्टर आहे? म्हणजे गच्चीवरून पडला असणार. नायिका रेल्वेत एकटीच बसलीय? म्हणजे सासूनेच लावून दिलं असेल. शितावरून भाताची परीक्षा करायला तिला कोणाची भीती नव्हती. मी पहिल्या वाक्याला कानात बोटं घालून गॅलरीत पळायचे आणि दादा दुसऱ्या घासाला पेंगायला लागायचा. त्यामुळे एक साधी गोष्ट आमच्या घरात कोणाच्या ध्यानातच आली नाही. तिने रचलेला एकही सिनेमा आजवर कोणी तपासून पाहिला नव्हता.

थिएटरात तिचं नाव क्लायमॅक्सबाई. रांगेत उभं राहून लोक हळूच विचारायचे, "बाई, शेवटी काय होतं हो?" आणि ती सांगायची. पण तिचा एक नेम होता. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर लपवायचं नाही. त्याला कारण होतं. पूर्वी एकदा सिनेमा अर्ध्यावर असताना एक बाई दार ढकलून लॉबीत आली आणि तिथे फरशीवरच बसली. पडद्यावर एक मूल आजारी होतं. बाईच्या घरीही तसंच काही होऊन गेलं होतं, फार दिवस झाले नव्हते. वहिनी तिच्या शेजारी फरशीवर बसून राहिली. निघताना ती बाई एवढंच म्हणाली, "कोणीतरी आधी सांगायला हवं होतं." तेव्हापासून विचारणाऱ्याला उत्तर मिळतं. सिनेमा बघून बाहेर पडताना बरेच जण वहिनीकडे बघून हसायचे, कोणी मान डोलवायचे. ते आपले आभार मानतायत, असं ती आम्हाला अभिमानाने सांगायची.

मग तो घड्याळवाल्यांचा सिनेमा लागला.

लागून तीनचार दिवस झाले असतील. वहिनी संध्याकाळी घरी आली ती कोटाची बटणं न काढता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. चहा दिला तर कप हातात धरून राहिली. मी घाबरले. ही बाई आल्या आल्या शेवट सांगून मोकळी होणारी, आणि आज तोंडातून शब्द नाही.

"माझं दार जातंय बहुतेक," ती म्हणाली.

झालं होतं असं. दुपारच्या रांगेत एका बाईने विचारलं, खून कोण करतं हो? वहिनीने नेमाप्रमाणे सांगितलं. त्या बाईच्या मागे औषधांच्या दुकानाचे मालक उभे होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, पण कान काही मिटता येत नाहीत. ते भडकले. माझ्या तिकिटाची माती केली, म्हणत तडक मॅनेजरच्या खोलीत गेले. मॅनेजर नवे, आणि त्यांनी आल्या आल्याच बजावलं होतं की कर्मचाऱ्यांनी सिनेमाबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

"मग मॅनेजर काय म्हणाले?"

"म्हणाले, बाई, नक्की काय सांगितलंत ते माझ्यासमोर बोला. मी म्हटलं, भाऊच खुनी आहे असं सांगितलं."

"वहिनी!" मी ओरडले. रविवारी बघायचा म्हणून मी तो सिनेमा जिवापाड जपून ठेवला होता. पण तिचा चेहरा बघून गप्प बसले.

"तर त्यांना एकदम खोकलाच आला. तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळले. मग म्हणाले, उद्या दुपारच्या खेळाला तुम्ही दोघांनी शेजारी बसून अख्खा सिनेमा बघायचा. संपल्यावर यांची तक्रार कायम असली तर किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवायच्या." तिने गळ्यातला जुडगा मुठीत धरला. "तूच सांग, शेवट कळलेला सिनेमा बघून त्या माणसाचा राग वाढणारच ना? गेलंच समज."

दादा म्हणाला, दुसरीकडे मिळेल काम. वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी आणायला उठला. "काम मिळेल," ती म्हणाली. "दार नाही मिळणार. लोक रडून बाहेर येतात ना, तेव्हा त्यांना पहिलं माणूस मी दिसते. कोणी डोळे पुसत असतं, कोणी उगाच हसतं. मी पायरी आहे, सांभाळा, एवढंच म्हणते. पण ते कोणीतरी म्हणायला लागतं." आणि मग ती रडली. तिला रडताना मी तेव्हा प्रथम पाहिलं. मला त्या औषधवाल्याचा असा संताप आला, की त्याच्या दुकानातून खोकल्याची गोळीसुद्धा आणायची नाही, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. आम्ही मधल्या रांगेत बसलो. वहिनी मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला औषधवाले. ते हाताची घडी घालून, कडू काढा पाजल्यासारखं तोंड करून बसले होते. वहिनीला खुर्चीत बसताच येईना. कोणी उशिरा आलं की तिचा हात बॅटरीसाठी खिशाकडे जायचा. मी तिचा हात धरून मांडीवर ठेवला.

दिवे गेले, नावं आली, गेली. पडद्यावर सकाळ झाली. एक छोटं घड्याळाचं दुकान, म्हातारी आई काउंटर पुसतेय, मोठा भाऊ डोळ्याला भिंग लावून बसलाय, धाकटी बहीण त्याचा चहा लपवून त्याची गंमत करतेय. वहिनी पुढे सरकून बसली. "किती छान राहतात हे," ती कुजबुजली. "मला हे लोक हातकड्यांसकटच ठाऊक होते."

मग तिचं कोडं सुरू झालं. भाऊ फार चांगला होता. गिऱ्हाईकांशी गोड, बहिणीवर जीव, आईचे पाय चेपणारा. "हा खून कसा करेल गं?" असं तिने मला दोनदा विचारलं. पहिल्यांदा स्वतःच उत्तर दिलं, "चांगलेच असे निघतात." दुसऱ्यांदा दिलं नाही. औषधवाले मात्र भावावरून नजर हलवत नव्हते. भावाने हातोडी उचलली की ते हुंकार द्यायचे, भाऊ घरमालकाशी चढ्या आवाजात बोलला की मान हलवायचे. मलाही कळलेलं होतं, त्यामुळे मीही त्याच्याकडेच बघत होते. आम्ही तिघं त्या गरीब माणसावर पहारा देत बसलो होतो.

घरमालक खुनी मनुष्य नव्हता, पण वाईट होता. एका दुपारी दुकानात बहीण एकटी असताना तो आला आणि त्याने आतून शटर ओढलं. पुढचं पडद्यावर दाखवलंच नाही. नंतर दुकानात घरमालकाचं प्रेत सापडलं, पोलीस आले, पंचनामे झाले, संशय इकडून तिकडे फिरला. आणि मग, सिनेमा जवळपास संपत आला असताना, ती दुपार पुन्हा दिसली. या वेळी मागच्या दाराने. डबा घेऊन आलेली आई. तिने डबा खाली ठेवला, जड हातोडी उचलली, आणि काम झाल्यावर नळाखाली हात धुतले. दारात मुलगा उभा होता. त्याने सगळं पाहिलं होतं. त्याने आईच्या हातातून हातोडी घेतली, पुसली आणि स्वतःच्या मुठीत घट्ट धरली, तिच्यावर आपल्या बोटांचे ठसे उमटावेत म्हणून.

वहिनीने माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. आणि नेमक्या त्याच वेळी मागचं दार किलकिलं झालं. तिच्या जागी त्या दिवशी काम करणारा डोअरकीपर आत आला, कड्या काढल्या आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

वहिनीने वळून त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. "तो आत्ता आला," ती म्हणाली. "अगं, मीही आत्ताच येते."

पुढची दहा मिनिटं तिला पाठ होती. भाऊ हात पुढे करतो, मीच मारलं म्हणतो, आई हंबरडा फोडते, बहीण दार लावून घेते. इतके दिवस रोज भिंतीला टेकून तिने त्या भावाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आईच्या तोंडाकडे तरी बघायचं होतंस मेल्या, म्हणून. आणि तो आईच्या तोंडाकडेच बघत होता. तेच शब्द, तोच हंबरडा. वहिनी हुंदके देऊन रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं मी. रोज दिली. सगळ्या रांगेला सांगून दिली."

दिवे लागले. मला आधी औषधवाल्यांकडे बघायचं धैर्य होईना. ते चष्मा काढून डोळे पुसत होते. मग त्यांनी चष्मा घातला आणि वहिनीकडे बोट दाखवलं. "बाई, तुम्ही मला धादांत खोटं सांगितलंत."

"हो," वहिनी म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं. मी फक्त शेवट बघते."

मॅनेजर रांगेच्या टोकाला येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "मग काय, तक्रार कायम?"

"कसली तक्रार?" औषधवाले त्यांच्यावरच खेकसले. "मी दोन तास त्या पोराच्या हातांकडे बघत होतो. म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर काउंटर पुसत होती, डबे भरत होती, आणि मला ती दिसली नाही. इतका बेसावध मी जन्मात सापडलो नव्हतो." ते उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. "उद्या बायकोला घेऊन येतोय. ती मुलखाची हुशार आहे, दहा मिनिटांत ओळखते. तिला सांगा. हेच सांगा. जसं मला सांगितलंत तसंच, तोंडावरची रेषा न हलवता."

मॅनेजर इतके हसले की त्यांना खुर्चीचा दांडा धरावा लागला. तेव्हा कुठे वहिनीला उमगलं, ती बाहेर पडणारी माणसं इतकी वर्षं तिच्याकडे बघून का हसत होती. तिचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, आणि मग तीही हसायला लागली. खांदे गदगदा हलत होते आणि डोळ्यांतलं आधीचं पाणी अजून वाळलेलं नव्हतं. मला तिचा असा अभिमान वाटला की सांगता येत नाही. सपशेल चुकून जिंकलेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

मॅनेजर हुशार गृहस्थ. त्यांनी लगेच हुकूम सोडला की उद्यापासून सगळ्या रांगेला सांगा, भाऊ खुनी. बोर्डच लावू हवं तर.

"नाही जमणार," वहिनी म्हणाली.

काल किल्ल्या जातील म्हणून स्वयंपाकघरात रडणारी ही बाई. मी तिचा कोट मागून ओढला. तिने माझा हात झटकला.

"जो विचारेल त्यालाच सांगेन. आणि विचारणारे दोन प्रकारचे असतात साहेब. एक उतावळे. त्यांना सांगते की भाऊ, पोटभर सांगते. पण एखादा घाबरून विचारतो. त्याला झेपणार नसतं काहीतरी. त्याला मी खरं तेच सांगणार, कानात. त्यासाठी मला खरं ठाऊक असायला हवं." तिने जुडगा गळ्यात नीट केला. "म्हणून दर नवीन सिनेमाचा पहिला खेळ मी बसून बघणार. नावांपासून. ड्युटीत धरायचा."

मॅनेजरांनी औषधवाल्यांकडे पाहिलं. औषधवाले म्हणाले, "बाई बरोबर बोलतायत." काल दार काढून घ्यायला आलेला मनुष्य आज त्याला कड्या लावून देत होता. त्यांच्या दुकानावरचा माझा बहिष्कार मी तिथल्या तिथे उठवला.

घड्याळवाले पुढे कितीतरी आठवडे हलले नाहीत. लोक मुद्दाम वहिनीच्या रांगेत उभे राहून शेवट विचारायचे आणि फसून बाहेर यायचे, मग दुसऱ्या दिवशी ओळखीपाळखीच्यांना फसवायला घेऊन यायचे. औषधवाल्यांची बायकोही फसली. एक आजोबा मात्र बाजूला येऊन हळूच म्हणाले, मुलगा तुरुंगात जात असेल तर मला नको. वहिनीने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यांचा हात धरून त्यांना जिन्यापर्यंत सोडलं आणि पायरी सांभाळा म्हणाली.

मग शेवटी नवीन सिनेमा लागला. शुक्रवारी पहिल्या खेळाला आम्ही तिघंही गेलो. दादा नावं संपायच्या आत झोपला. वहिनीने निळा कोट घडी करून मांडीवर ठेवला होता आणि पडद्यावर नावं यायला लागल्यावर ती एकेक नाव ओठ हलवत वाचत होती. पुराची गोष्ट होती. इंटरव्हलला नेमकं असं झालं की नायिका घराच्या छपरावर, पोटाशी बांधलेलं बाळ, पाणी कौलांना लागलेलं, आणि आलेली एकुलती एक होडी उलटून गेलेली. त्यावर दिवे लागले.

लोक पॉपकॉर्न आणायला उठले. माझ्याच्याने उठवेना. आणि जन्मात जे कधी केलं नाही ते मी केलं. वहिनीकडे वळून विचारलं, "वाचते ना गं ती?"

वहिनी रिकाम्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होती. तिने दोन्ही हात पसरले. तिचा चेहरा एखाद्या पोरीसारखा उजळला होता.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं, एवढ्या मोठ्याने म्हणाली. आणि मग हळू आवाजात, चव घेत पुन्हा म्हणाली, "मला खरंच माहीत नाही गं." मी रडवेली झाले होते आणि ती हसत होती. माझा हात घट्ट धरून ती दिवे जायची वाट बघत बसली.